मूल्य अमान्य, तरीही कर भरणे आवश्यक

महापालिकेने घराचे करयोग्य मूल्य अवाजवी ठरविल्याची तक्रार दिली की वाढीव देयक निकालापर्यंत थांबते, असा समज शहरी मालमत्ताधारकांत सर्रास आढळतो. कायद्यात मात्र त्याला आधार नाही. तक्रार प्रलंबित असली तरी देयक देयकच राहते आणि मुदत उलटल्यावर थकलेल्या रकमेवर दरमहा दोन टक्के शास्ती चढू लागते. तीस हजार रुपयांची थकबाकी असेल, तर महिन्याला सहाशे आणि वर्षाला सात हजार दोनशे रुपये.

मुंबई वगळता पुणे, ठाणे, नागपूर आदी शहरांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. इमारतीस वर्षभरात वाजवीपणे मिळू शकणारे भाडे धरून, दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा केल्यावर उरते ते करयोग्य मूल्य. भांडवली मूल्यावर कर आकारण्याचा पर्यायही आता कायद्यात आहे. मिळकतीची प्रथमच नोंद झाली किंवा मूल्य वाढविले गेले, तर धारकास विशेष नोटीस द्यावी लागते. हरकतीची मुदत नोटिशीतच नमूद असते. हरकत लेखी हवी आणि तीत कारणे हवीत. 'कर फार वाढला' हे कारण नव्हे. क्षेत्रफळ चुकीचे मोजले, राहते घर बिगरनिवासी दाखविले, शेजारच्या तशाच सदनिकेचे मूल्य कमी आहे, ही कारणे होत. त्यासोबत नकाशा, करारनामा, जुने देयक जोडलेले असावे. सुनावणीस हजर राहणेही तितकेच महत्त्वाचे.

या टप्प्यावर आधी पैसे भरण्याची अट नाही. ती येते पुढे, अपिलाच्या वेळी.

आयुक्तांकडील तक्रारीचा निकाल पटला नाही, तर कलम ४०६ अन्वये न्यायाधीशांकडे अपील करता येते. पुण्यात ते लघुवाद न्यायालयात जाते, अन्यत्र वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे. मुदत अवघी पंधरा दिवसांची असून ती तक्रार निकाली निघाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. शिवाय वादग्रस्त मूल्यानुसार अपील दाखल करण्याच्या तारखेपर्यंत होणारी कराची रक्कम आयुक्तांकडे जमा केलेली असली पाहिजे. म्हणजे आपल्याला मान्य असलेला हिस्सा तेवढा भरून भागत नाही. या अटी पाळल्या नाहीत, तर गुणदोषांत न शिरता अपील फेटाळले जाऊ शकते. अपील चालू असताना येणारी पुढची देयकेही भरत राहावी लागतात.

ही अट जाचक आहे, हे खरे. ज्याला वाढीव कर झेपत नाही म्हणून दाद मागायची आहे, त्यानेच तो आधी भरायचा! अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या प्रकरणात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला असल्याने त्यास कायद्याने अटीही घालता येतात, असे न्यायालयाने १९७५ मध्ये म्हटले व ठेवीची अट वैध ठरविली. गुजरातच्या तरतुदीत मात्र अडचण पाहून अट शिथिल करण्याचा अधिकार न्यायाधीशांना होता. दिल्ली महापालिका कायद्यातील तशाच अटीबाबत १९९२ मध्ये शाम किशोर खटल्यातही न्यायालयाने तीच भूमिका घेतली.

मुंबईत १८८८ च्या स्वतंत्र कायद्यानुसार २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आकारला जातो. त्या नियमांना उच्च न्यायालयात आव्हान देणाऱ्यांना फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम आदेशाने दिलासा मिळाला होता. जुन्या दराचा कर आणि नव्या-जुन्यातील फरकाचा निम्मा भाग त्यांनी भरावा, असा तो आदेश. पुढे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने काही नियम रद्द केले व नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. परंतु तो लढा नियमांच्या वैधतेचा होता. एका घराचे मूल्य जास्त लावल्याच्या अपिलात अशा सवलतीची आशा धरून देयक बाजूला ठेवणे धोक्याचे आहे.

पैसे भरले म्हणजे मूल्य मान्य केले, ही भीतीही अनाठायी आहे. अपिलासाठी भरणा कायद्यानेच सक्तीचा केला असता तो संमतीचा पुरावा कसा ठरेल? तरीही 'हरकत कायम ठेवून भरणा' असे पत्र देऊन त्याची पोच घ्यावी आणि पावती तक्रारीच्या प्रतीसह जपून ठेवावी.

काही वेळा वाद मूल्याचा नसतोच. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरास करयोग्य मूल्यात चाळीस टक्के सवलत १९७० पासून होती. मधल्या काळात ती थांबली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. ती घेण्यासाठी अनेकांना 'पीटी-३' अर्ज आणि स्वतः राहत असल्याचा पुरावा द्यावा लागला. अशा बाबतीत देयक फुगण्याचे कारण मूल्यांकन नसून न दिलेला अर्ज असू शकतो. वकील गाठण्यापूर्वी जुने आणि नवे देयक शेजारी ठेवून नेमका कोणता आकडा बदलला, हे करसंकलन कार्यालयात विचारून घ्यावे.