निद्राकालभेद (सोलापूर)

माणसामाणसांत झोप लागण्याच्या व जाग येण्याच्या वेळेत असणारा स्वाभाविक फरक. कोणी कोंबडे आरवायच्या आत उठून कामाला लागतो, कोणाचे डोके रात्री दहानंतर चालू लागते. बहुतेक लोक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा पुंज शरीराचे मुख्य घड्याळ सांभाळतो आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर ते रोज लावून घेतो. हे घड्याळ पेशींत कसे चालते, हे फळमाशीवरील संशोधनातून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. ही प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. वयात येताना झोप उशिराकडे सरकते, विशीनंतर हळूहळू पुन्हा अलीकडे येते. तेव्हा घरात सूर्यवंशी म्हणून बोलणी खाणारा मुलगा बहुधा आळशी नसतो.

सोलापुरात मात्र झोपेची वेळ शरीराच्या आधी कामाने ठरवली. १८७० च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या आणि भोंग्यावर गावाची झोपमोड होऊ लागली. गिरण्या बंद पडल्या. रातपाळी चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांवर चालत राहिली. पहाटे तीन-चारच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली जाते, लक्ष विरळ होते. नेमक्या त्याच वेळी विणकराला धावत्या मागावर तुटलेला धागा हेरून माग थांबवायचा व गाठ मारायची असते. रातजाग्या प्रकृतीचा माणूस हे काही वर्षे निभावतो, पहाटे उठणाऱ्याची मात्र दैना होते. पाळी वाटताना हा विचार होत नाही. दिवसा भरपाई करावी तर मे महिन्यात पारा चाळिशीपार, डोक्यावर पत्रा आणि शेजारी दुसऱ्याच्या मागाची खटखट.

१९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांना रातपाळीपासून दूर ठेवले, तरी घरी विड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या जागरणाला तो लागू नव्हता. स्वयंपाक उरकल्यावर तेंदूची पाने कापायची, विड्या वळायच्या आणि ठरलेल्या वेळी मोजून द्यायच्या, असा त्यांचा दिवस. शिवाय शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. अवेळी आले की घरातली बाई उठते, मग तिची प्रकृती कोणतीही असो. झोपेवरच्या चर्चेत या बायकांचे जागरण क्वचितच येते. ते आधी यायला हवे.

घड्याळही येथे सूर्याच्या थोडे पुढे धावते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर. त्यामुळे येथील सूर्य घड्याळाच्या साधारण २६ मिनिटे मागे असतो. सातची शाळा शरीराला साडेसहाची वाटते.

महाराष्ट्र शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले. निर्णय स्वागतार्ह, पण अपुरा आहे. झोप उशिराकडे सरकते ती आठवी ते बारावीच्या वयात, आणि त्या मुलांना हा निर्णय लागू नाही.