विश्लेषण : दिवसा सोने, रात्री गराडू... इंदूरची सराफा चौपाटी हलवायची की सांभाळायची?

इंदूरच्या राजवाड्याजवळचा सराफा बाजार दिवसा सोन्याचांदीचा असतो. रात्री आठ-नऊनंतर पेढ्यांची शटर खाली येऊ लागली, की त्याच पायऱ्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात. भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेले गराडू, दहीवडे, भलीमोठी जिलेबी; मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. इंदूरला जाऊन सराफ्यात न गेलेला मराठी पर्यटक सापडणे अवघडच. गेल्या काही वर्षांत मात्र आगीच्या धोक्याकडे बोट दाखवत सराफ व्यापाऱ्यांनी ही चौपाटी दुसरीकडे हलवण्याची मागणी लावून धरली आहे. उघड्यावरचा खाद्यबाजार नीट कसा आखायचा, हा प्रश्न त्यातून पुढे येतो. महाराष्ट्रातल्या प्रत्येक खाऊगल्लीलाही तो लागू आहे.

एकच जागा दोन पाळ्यांत कशी चालते?

जुन्या शहरांत मोकळी जागा मुळातच कमी. त्यामुळे तीच जागा वेळ वाटून वापरायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. अहमदाबादच्या माणेक चौकातही सकाळी भाजी, दुपारी दागिने आणि रात्री खाणे असा क्रम असतो. यात नवे बांधकाम लागत नाही आणि रात्री ओस पडणारा रस्ता जागता राहतो. सराफ्यातल्या पेढ्यांना रात्रीची राखण मिळावी म्हणून ठेल्यांना उत्तेजन दिले गेले, असे इंदुरात सांगतात. खरे-खोटे काहीही असो, त्यामागचा हिशेब पटण्यासारखा आहे.

कायदा काय सांगतो?

पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. वर्षानुवर्षे जिथे विक्रेते आणि गिऱ्हाइके आपोआप जमतात, त्या जागेला तो ‘नैसर्गिक बाजार’ मानतो. पाहणीत असा बाजार नोंदवला गेला, तर ती जागा ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ ठरवता येत नाही. बाजार 50 वर्षांपेक्षा जुना असेल, तर त्याला वारसा बाजार म्हणून घोषित करावे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही कायद्याच्या परिशिष्टात आहे. आखणीचे काम नगर पथविक्रेता समितीकडे असते आणि तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांनीच निवडून दिलेले असावे लागतात. कागदावर कायदा चांगला आहे. अडते ते पाहणी आणि समिती वेळेवर होण्यापाशी.

आगीची भीती खोटी आहे का?

अजिबात नाही. अरुंद गल्ली, उकळते तेल, रांगेने ठेवलेले गॅस सिलिंडर आणि गर्दी हे मिश्रण धोक्याचेच. पण त्यावर हटवणे हा एकच उपाय नाही. अग्निशमन गाडी जाईल एवढी वाट रस्त्यावर रंगवून कायम मोकळी ठेवता येते. तळणीचे ठेले गल्लीच्या तोंडाशी आणि दहीवडा, कुल्फी, शिकंजी असे विस्तव न लागणारे पदार्थ आत, अशी साधी फेरमांडणीही धोका बराच कमी करते. ठेल्यांची संख्या ठरलेली हवी आणि ती पाळली जायला हवी. विजेची अधिकृत जोडणी दिली, तर आकडे टाकलेल्या वायरी आणि काही शेगड्या तरी जातील.

दुसरा, कमी बोलला जाणारा भाग म्हणजे पाणी आणि तेल. भांडी धुतलेले तेलकट पाणी थेट गटारात गेले की तेल थिजते, गटार तुंबते आणि पहिल्या पावसात तेच पाणी रस्त्यावर येते. म्हणून सुंदर फरशीच्या आधी रस्त्याचा उतार, स्वच्छ पाण्याचा नळ आणि तेल अडवणारी टाकी हवी. सुशोभीकरणाच्या आराखड्यात दिवे आणि कमानी आधी येतात, टाकी शेवटी. तीही आली तर. तळणीच्या तेलालाही मर्यादा आहे. त्यातील ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांवर गेली की ते पुन्हा वापरता येत नाही. 2018 पासून असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची ‘रुको’ योजना अन्नसुरक्षा प्राधिकरण चालवते. एकाच ठिकाणी पन्नास कढया असतील तर तेल गोळा करणे सोपे जाते, विखुरलेल्या गाड्यांवर ते जमत नाही.

ओल्या कचऱ्याचेही तसेच. इंदूरमध्ये तो वेगळा गोळा होतो आणि 2022 मध्ये सुरू झालेल्या, रोज 550 टन क्षमतेच्या प्रकल्पात त्यापासून बायो-सीएनजी तयार होतो. ही साखळी मागे नसेल, तर बाजारातली रंगीत कचराकुंडी शोभेचीच.

लोक थांबतात कशामुळे?

न्यूयॉर्कच्या चौकांचे निरीक्षण करून विल्यम व्हाइट यांनी 1980 मध्ये पुस्तक लिहिले. बसायला जागा असेल तिथे लोक बसतात आणि खाणे असेल तिथे जमतात, असा त्यांचा साधा निष्कर्ष होता. सराफ्यात पेढ्यांच्या पायऱ्याच बाकडी होतात. नव्या बाजारात ओटे, झाडाची सावली, सगळीकडे सारखा उजेड आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवे. स्वच्छतागृह नसेल, तर बायका आणि म्हातारी माणसे तिथून लवकर निघतात किंवा येतच नाहीत. ठेल्यावर बारा तास उभ्या असणाऱ्या बाईचा विचार तर त्याहून कमी होतो.

हलवलेला बाजार चालतो का?

सिंगापूरने करून दाखवले. 1968-69 मध्ये तिथे सुमारे 18 हजार फेरीवाल्यांची नोंद झाली आणि 1986 पर्यंत त्यांना नळ, गटार असलेल्या बाजारांत नेले गेले. 2020 मध्ये या संस्कृतीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. पण हे बाजार नव्या सरकारी वसाहतींच्या उंबऱ्यावर बांधले होते. गिऱ्हाईक आधीच तिथे राहत होते. आपल्याकडे फेरीवाल्यांना उड्डाणपुलाखाली किंवा शहराबाहेरच्या भूखंडावर जागा दिली जाते आणि वर्षभरात ते जुन्या कोपऱ्यावर परततात.

इंदूरमध्येच दुसरा नमुना आहे. छप्पन दुकान या खाद्यरस्त्यावर वाहने बंद करून बाकडी आणि झाडे आणली गेली, पण दुकाने जागची हलली नाहीत. अर्थात ती पक्की दुकाने आहेत, मालक ठरलेले आहेत. सराफ्यातला ठेलेवाला दुसऱ्याच्या पायरीसमोर उभा असतो. त्यामुळे तिथे नकाशाआधी पेढीवाला, ठेलेवाला आणि महापालिका यांच्यात लेखी करार लागेल : किती ठेले, किती वाजता लागणार, सिलिंडर कुठे आणि सकाळी पायरी कोणी धुवायची.