वजन कुठे ठेवायचे?

शेतीच्या इतिहासात नांगराचे नाव आहे, बैलासाठी पोळा आहे. वजनाला मात्र कोणी विचारत नाही. आज त्या वजनाविषयी थोडे बोलतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातले काळे रान उन्हाळ्यात वाळून टणक होते. कुळवाची फास त्यात शिरत नाही, वरचेवर घसरते. मग दिंडावर दगड बांधायचा, नाहीतर घरातले पोर बसवायचे. लहानपणी मीही बसलो आहे. एका टोकाला सरकलो की त्या बाजूची फास खोल जायची आणि मागून अब्बांचा आवाज यायचा, "मधे बस!" वजन किती, यापेक्षा ते कुठे, याला महत्त्व असते हे मला शाळेआधी कुळवाने शिकवले.

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घ्यायला बिचकत होते. पण कणखर लोखंडी फाळ आणि नांगराचे स्वतःचे वजन यांनी काळ्या मातीत आपली जागा मिळवलीच.

ट्रॅक्टर आला आणि प्रश्न उलटा झाला. १९१७ पासून अमेरिकेत फोर्डसन ट्रॅक्टर मोठ्या संख्येने निघू लागले. मागे ओढलेला नांगर खडकात अडकला की पुढची चाके उचलली जात आणि ट्रॅक्टर चालकावरच उलटे. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने यावर तोड काढली. त्याने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला. मातीने नांगर खाली ओढला की तो भार मागच्या चाकांवर येतो आणि वरची दांडी पुढचे टोक दाबून धरते. १९३८ साली त्याने हेन्री फोर्डशी तोंडी करार केला आणि १९३९ मध्ये ही जोडणी असलेला ट्रॅक्टर बाजारात आला.

आपल्याकडे १९५९ साली फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. पुढे गावोगाव ट्रॅक्टर आले, आणि त्यांच्याबरोबर नाकावर लावायच्या बिडाच्या पाट्या आणि मागच्या टायरांत भरायचे पाणीही आले. पाणी भरले की मागची चाके जागच्या जागी फिरत नाहीत. पुढच्या पाट्यांमुळे नाक उचलत नाही, स्टिअरिंग हातात राहते. मात्र ओल्या रानात जादा वजन नेले तर जमीन दबून घट्ट होते, म्हणून काम बदलले की वजनही बदलावे लागते. अमेरिकेत जुन्या ट्रॅक्टरांच्या ओढीच्या शर्यती होतात. त्यातली ओढायची गाडीच अशी असते की ती पुढे जाईल तसतसा तिच्यावरचा भार पुढे सरकत जातो आणि ओढ वाढते. तिथे पाटी वीतभर पुढे की मागे, यावर हारजीत ठरते.

आमच्याकडे यात जीव जाऊ शकतो. ढोकीच्या वाटेवर उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढताना चढावर नाक उचललेले ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. अशा वेळी दोन-तीन तरुण पुढे बंपरवर बसत. मला त्यांच्यात कुळवावरचे पोर दिसे. फरक एवढाच, की कुळवावरून पडलेले पोर मातीत पडायचे. बंपरवरून पडलेला चाकाखाली जातो.

दगड, बीड, पाणी, सगळे वजन म्हणून चालते. माणूसही चालतो, आणि तो फुकट मिळतो, हीच अडचण आहे. शंभर वर्षांत यंत्राने एवढी अक्कल कमावली, तर त्याच्या नाकावर बिडाच्या पाट्या लावायला आपण कंजुषी का करावी? चढ लागण्याआधी खाली उतरायला सांगणारा एक आवाज प्रत्येक ट्रॅक्टरमागे असावा, एवढेच मागणे आहे.