जळालेली संहिता, फेडलेले देणे

सरकारी पैशात तूट निघाली की सगळे शोधू लागतात ती दोष ढकलण्याची जागा. न्यूयॉर्कचे एक महापौर मात्र वेगळे वागले. एडवर्ड लिव्हिंगस्टन त्यांचे नाव.

जन्म १७६४ चा. १७९५ ते १८०१ ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. परकीयांना चौकशीविना हद्दपार करण्याचा अधिकार अध्यक्षांना देणारे विधेयक १७९८ मध्ये आले, तेव्हा त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. १८०१ मध्ये ते महापौर झाले. सोबत केंद्र सरकारची वकिलीही आली.

१८०३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ पसरली. ज्यांना शक्य होते ते गाव सोडून गेले. लिव्हिंगस्टन रुग्णांमध्ये फिरत राहिले आणि स्वतःच अंथरुणाला खिळले. त्याच सुमारास कळले, की हाताखालच्या कारकुनाने सरकारी वसुलीचे ४० हजार डॉलरहून अधिक गिळले आहेत. पैसे खाल्ले दुसऱ्याने, पण हिशेब आपल्या नावावर! त्यांनी सारी मिळकत सरकारच्या हवाली केली, महापौरपद सोडले आणि दूर न्यू ऑर्लिन्समध्ये नव्याने वकिली मांडली.

लुईझियाना प्रांत तेव्हा नुकताच फ्रान्सकडून विकत घेतलेला होता. १८२१ मध्ये तिथल्या विधिमंडळाने त्यांच्यावर दंडसंहिता लिहिण्याचे काम सोपवले. शिक्षेने माणूस सुधारावा, फाशी नसावी आणि कायदा साध्या माणसाला कळावा, हा त्यांचा आग्रह. १८२४ मध्ये, मसुदा छपाईला जाण्याच्या बेतात असताना, एका रात्री सारे कागद आगीत जळाले. कवितेची एक वही हरवली तरी आम्ही कवी आठवडाभर कुणाशी धड बोलत नाही. साठीचे लिव्हिंगस्टन लगेच पुन्हा लिहायला बसले. दोन वर्षांत संहिता पुरी केली. १८२३ पासून ते पुन्हा काँग्रेसमध्येही होते. १८२६ मध्ये त्यांनी ते जुने देणे व्याजासकट फेडले. तोवर व्याज मुद्दलाच्याही वर गेले होते.

लुईझियानाने ती संहिता स्वीकारली नाही. पण १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगाने भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा तिची मदत झाल्याचे मान्य केले. त्यातूनच १८६० ची भारतीय दंडसंहिता आली. ती ३० जून २०२४ पर्यंत चालली.

कायद्याची घडण आपल्यापर्यंत पोचली, फाशीला दिलेला नकार मात्र वाटेतच राहिला. १८३६ मध्ये लिव्हिंगस्टन वारले. पैशाचे देणे त्यांनी हयातीतच चुकवले होते. माणसाचा जीव घेण्याचा हक्क कायद्याला आहे का, हा त्यांचा प्रश्न अजून आपल्याकडे येणे आहे.