दोन रखवालदार, एक नोंदवही

जलंब जंक्शन ज्यांना माहीत आहे त्यांना आजचा विषय निम्मा समजलेलाच आहे, असं धरून चालतो. म्हणजे आमचे बुलढाणा जिल्ह्यातले झाडून सगळे नातेवाईक आले. मुंबई-हावडा लाइनवर जलंबला उतरायचं आणि खामगावची छोटी गाडी धरायची. हा फाटा 1870 सालचा, कापसासाठी टाकलेला, जेमतेम तेरा किलोमीटरचा आणि एकेरी. तो खामगावच्या पुढे कुठे जात नाही, म्हणून तिथला प्रश्न सोपा. पण ज्या एकेरी लाइनवर दोन्ही बाजूंनी गाड्या येतात, तिथे दोन टोकांच्या दोन स्टेशनमास्तरांना एकच गोष्ट एकाच वेळी माहीत असावी लागते: आत्ता लाइनवर गाडी आहे की नाही?

ही माहिती जुळली नाही की काय होतं ते 1874 मध्ये इंग्लंडात नॉर्विचजवळच्या थॉर्प इथे दिसलं. तारेवरच्या निरोपांचा घोळ झाला आणि दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. पुढे 1878 मध्ये एडवर्ड टायरने विजेच्या तारेने जोडलेली यंत्रांची जोडी आणली. आपल्या रेल्वेत वर्षानुवर्षं चाललेलं नीलचं गोळ्याचं यंत्र त्याच घराण्यातलं. एका स्टेशनातून गोळा काढला की दुसऱ्या स्टेशनातलं यंत्र अडकून बसतं. ड्रायव्हरच्या हातात गोळा नाही, तर गाडी हलत नाही. आणि मधली तार तुटली तर? गोळा निघतच नाही! मग कागदी परवान्यावर, सावकाश काम चालवायचं. खोळंबा होईल, पण टक्कर होणार नाही.

आता माझ्या पोटापाण्याच्या धंद्याकडे येतो. मी फायरवॉल सांभाळतो. "म्हणजे नक्की काय करतोस रे?" असं दर लग्नात कोणी ना कोणी विचारतंच, त्यांच्यासाठी हा लेख.

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा रखवालदार. सुरुवातीचे, म्हणजे 1980 च्या दशकाच्या शेवटचे, अगदीच साधे होते. येणारं प्रत्येक पाकीट सुटं बघायचं, नियमांची यादी वाचायची, सोडायचं किंवा अडवायचं. आधी कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, काही लक्षात नाही. चेक पॉइंट ही इस्रायली कंपनी 1993 मध्ये निघाली आणि तिच्या फायरवॉलने रखवालदाराच्या हातात नोंदवही देण्याची पद्धत रूढ केली. आतल्या कोणत्या मशीनने बाहेरच्या कोणाशी बोलणं सुरू केलं, कोणत्या पोर्टवरून, बोलणं कुठवर आलं, हे सगळं त्या वहीत. बाहेरून उत्तर आलं की वही बघायची. नोंद असेल तर या, नसेल तर चालते व्हा.

रखवालदार हुशार झाला खरा, पण एक नवीच पंचाईत झाली. तो आजारी पडला तर बदली माणूस उभा करता येतो, पण वही पहिल्याच्या डोक्यात! बदली माणसाला चालू असलेलं प्रत्येक बोलणं परकं वाटतं आणि तो सगळ्यांना हाकलतो. यंत्रं दोन, खर्च दुप्पट, आणि तरी सगळ्यांचं काम तुटलंच.

बदली उभा करण्याचे नियम आधी आले. सिस्कोचा एचएसआरपी होता, 1998 मध्ये व्हीआरआरपी हे सर्वांसाठीचं मानक आलं. पण त्यावर सिस्कोने आपल्या पेटंटचा हक्क सांगितला आणि ओपनबीएसडीवाली मंडळी बिथरली. त्यांनी स्वतःचा कार्प लिहिला आणि मे 2004 मध्ये तो ओपनबीएसडी 3.5 बरोबर सगळ्यांना फुकट दिला. गंमत म्हणजे वहीची नक्कल करणारा पीएफसिंक त्यांनी वर्षभर आधी, 2003 मध्येच आणला होता. दोन्ही जुळल्यावर चित्र पूर्ण झालं. मुख्य यंत्र दर सेकंदाला "मी आहे" असं सांगतं. वहीतली प्रत्येक नवी नोंद दुसऱ्याकडे जाते. हाक थांबली की दुसरा पत्ता आपल्याकडे घेतो, आणि वही त्याच्याकडे असतेच. लिनक्सवाल्यांसाठी हेच काम पुढे पाब्लो नेइरा आयुसो या स्पॅनिश माणसाच्या कॉनट्रॅकडीने केलं.

आता गोळ्याच्या यंत्राशी तुलना करा. फायरवॉल सहसा दुसऱ्याच्या होकारासाठी थांबत नाही. नोंद पाठवून देते आणि पुढे जाते. किरकोळ बदल तर साठवून एकगठ्ठा पाठवते. जोडणारी केबल तुटली तरी एकटी काम करत राहते. शेवटच्या काही नोंदी हरवल्या तर चारदोन जणांना पुन्हा लॉगिन करावं लागेल, एवढंच. म्हणजे कोणती आठवण हरवली तर चालेल, हे आधीच ठरवलेलं असतं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

काही आठवणी मात्र हरवून चालत नाहीत. 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईचं राष्ट्रीय शेअर बाजार केंद्र, म्हणजे एनएसई, सकाळी 11:40 ला बंद पडलं ते दुपारी 3:45 ला सुरू झालं. ही फायरवॉलची गोष्ट नाही, डेटा साठवणाऱ्या यंत्रणेची आहे, पण दुखणं तेच. एक नोंदही हरवू नये म्हणून व्यवहारांची माहिती दोन जागी एकदम लिहिली जात होती. त्या दोन जागा जोडणाऱ्या लाइन एक नव्हे, दोन कंपन्यांच्या होत्या. एनएसईच्या खुलाशानुसार रस्त्यावरच्या खोदकाम-बांधकामामुळे दोन्हींत बिघाड आला. अशा वेळी मुख्य यंत्रणेने एकटीने चालू राहावं अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. दुसरी वही जपण्यासाठी घातलेल्या दोरीतच पहिलीचा पाय अडकला. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले: बिघाडानंतर 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करा आणि तिथून 45 मिनिटांत पर्यायी जागेवरून काम सुरू करा.

गावाकडच्या मंडळींना वाटेल, आम्हाला काय त्याचं? तर आता खामगावच्या बँकेतलं तुमचं पासबुक खामगावात नसतं. कोअर बँकिंग आल्यापासून खरी खातेवही दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये असते. सोयाबीनचे पैसे जमा झाले की नाही हे विचारायला तुमचा प्रश्न रखवालदारांच्या अशा अनेक जोड्या ओलांडून जातो. काउंटरवरचा माणूस "सर्व्हर डाउन आहे" म्हणतो, तेव्हा कित्येकदा सर्व्हर चांगला ठणठणीत असतो. मधल्या कोणाची तरी आठवण पुसली गेलेली असते.

म्हणून कोणी "आमच्याकडे सगळं डबल आहे" असं अभिमानाने सांगितलं की मी दोनच प्रश्न विचारतो. पहिल्याला जे माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत आहे का? आणि त्यांच्यामधली तार तुटली तर थांबायचं की पुढे जायचं, हे कोणी ठरवलंय? रेल्वेने थांबायचं ठरवलं, फायरवॉलवाल्यांनी पुढे जायचं. दोन्ही बरोबर. न ठरवणं तेवढं चूक.

असो, बरंच लांबलं. गोळ्याच्या यंत्रावर प्रत्यक्ष काम केलेलं कोणी वाचत असेल, तर जरूर लिहा. तुमच्याकडून ऐकण्यासारखं पुष्कळ असणार.