हरलेल्या शिपायाची गोष्ट

दर १९ डिसेंबरला आपण गोवामुक्तीची गोष्ट सांगतो, ती आपल्या बाजूने. बरोबरच आहे ते. पण इथून हरून गेलेल्या पाखल्या शिपायाचं पुढे काय झालं, हे आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही. आफ्रिकेतल्या पोर्तुगीज सत्तेच्या शेवटाचा एक धागा मला तिथे सापडतो.

१४ डिसेंबर १९६१ रोजी सालाझारने गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांना संदेश पाठवला. तहाचा विचार नको, पोर्तुगीज युद्धकैदी नकोत, सैनिक एक तर जिंकलेले असावेत नाहीतर मेलेले. लिस्बनला खुर्चीत बसून असं लिहायला काय जातं! वासालु इ सिल्वांनी शरणागती पत्करली आणि तीन हजारांहून जास्त माणसं वाचली. १९६२ च्या मे महिन्यात हे सैनिक मायदेशी पोचले, ते जवळजवळ गुन्हेगार म्हणून. १९६३ साली गव्हर्नर आणि काही अधिकारी यांना सैन्यातून काढण्यात आलं.

त्याच वर्षी जानेवारीत पोर्तुगीज गिनीत युद्ध पेटलं. खाड्या, खारफुटी, भरतीच्या पाण्यावरची भातशेती... आपल्या खाजनांची आठवण व्हावी असा तो मुलूख. १९६८ मध्ये तिथे जनरल स्पिनोला आले. 'अधिक चांगली गिनी' अशी घोषणा देऊन शाळा, दवाखाने, रस्ते, नव्या वसाहती बांधल्या. कागदावर प्रगती झकास होती. रस्त्यावर सुरुंग शोधत चालणाऱ्या शिपायाला मात्र वेगळंच दिसत होतं. दिवसा रस्ता आपला, रात्री त्यांचा.

स्पिनोलांनाही ते उमगलं. १९७२ साली त्यांनी सेनेगलचे अध्यक्ष सेंघोर यांच्याशी बोलणी केली, पण पंतप्रधान कायतानो यांनी ती पुढे जाऊ दिली नाहीत. तडजोडीपेक्षा लष्करी पराभव परवडला, असा त्यांचा सूर होता. म्हणजे पुन्हा गोवाच! १९७३ च्या मार्चपासून बंडखोरांची क्षेपणास्त्रं विमानं पाडू लागली. मे महिन्यात गिलेज हे वेढलेलं ठाणं तिथल्या मेजरने माणसं वाचवण्यासाठी सोडलं. त्यालाच अटक झाली. हरलो तर खापर आपल्याच माथी फुटणार, हे अधिकाऱ्यांना कोणी वेगळं सांगायची गरज उरली नाही.

सप्टेंबर १९७३ मध्ये एव्होराजवळ कॅप्टन मंडळी गुपचूप जमली. खरं सांगायचं तर सुरुवातीची तक्रार बढतीच्या नव्या कायद्याबद्दलची होती, तत्त्वाची नव्हे. पण बोलता बोलता गाडी युद्धावर आली. फेब्रुवारी १९७४ मध्ये स्पिनोलांचं पुस्तक निघालं. नुसत्या लष्कराच्या बळावर हा प्रश्न सुटणार नाही, असं खुद्द सेनापतीने छापून सांगितलं होतं. २५ एप्रिलला रणगाडे लिस्बनमध्ये शिरले.

३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत मारियु सुआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. वासालु इ सिल्वांना त्यांचा हुद्दा परत मिळाला होता. १९८० साली ते गोव्यात येऊन गेले, आणि गोंयकारांनी त्यांचं आपुलकीने स्वागत केलं.