रायफलची गॅस सिस्टीम म्हणजे काय? तिच्या लांबीने गोळीचा वेग बदलतो का?

बीजीएमआय खेळणाऱ्या मित्रांकडून मला हा प्रश्न हमखास येतो. मी काम सॉफ्टवेअरचं करतो, पण डिग्री मेकॅनिकलची, त्यामुळे असल्या विषयात जरा जास्तच रमतो. आधी थेट उत्तर: गोळीचा वेग ठरतो मुख्यतः बॅरलच्या लांबीवर. गॅस सिस्टीमच्या लांबीचा त्यावर परिणाम जवळजवळ नाहीच. ती लांबी ठरवते बंदूक नीट चालेल की नाही, ते.

कसं ते एम16 आणि एम4 या अमेरिकन रायफलींवरून पाहू. काडतुसातली दारू पेटली की तयार होणारा गॅस गोळीला बॅरलमधून ढकलतो. बॅरलला वाटेत एक बारीक छिद्र असतं, जेमतेम दोन मिलिमीटरच्या आसपास. गोळी ते ओलांडून गेली की थोडासा गॅस तिथून वळतो, नळीतून मागे येतो आणि बोल्ट मागे ढकलतो. रिकामी पुंगळी बाहेर, नवीन काडतूस आत. हा गॅस इतका थोडा असतो की गोळीचं फारसं काही बिघडत नाही.

एम16 चं बॅरल 20 इंची, एम4 चं 14.5 इंची. एकाच प्रकारची गोळी पहिलीतून सेकंदाला साधारण 945 मीटर वेगाने सुटते, दुसरीतून 905 च्या आसपास. हा फरक बॅरलचा. लांब बॅरलमध्ये गॅसला ढकलायला जास्त अंतर मिळतं, इतकंच.

मग गॅस सिस्टीमची लांबी कशाला बघायची? दाबासाठी. कार्बाइन लांबी साधारण 7 इंच, मिड-लेंथ 9, रायफल लांबी 12. छिद्र जितकं मागे, तितका तिथला गॅस जास्त दाबाचा आणि जास्त गरम. बोल्ट जोरात मागे फेकला जातो, धक्का वाढतो, पार्ट लवकर झिजतात. उलट छिद्र फार पुढे नेलं तर गोळी तोंडातून बाहेर पडून दाब उतरण्याआधी गॅसला काम करायला वेळच उरत नाही आणि बोल्ट अर्ध्यातच थांबतो. सगळा खेळ मिलिसेकंदाच्या काही भागाचा! (आमच्याकडे याला टायमिंग बग म्हणतात.)

हे टायमिंग चुकलं की काय होतं, ते व्हिएतनाम युद्धात दिसलं. 1960 च्या दशकात एम16 च्या काडतुसांतली दारू बदलली. नव्या दारूमुळे गॅसच्या छिद्राशी दाब वाढला, बोल्ट ठरल्यापेक्षा वेगाने धावू लागला, काजळीही जास्त साचू लागली. त्यातच सैनिकांना साफसफाईचं सामान पुरेसं मिळालं नव्हतं आणि चेंबरला क्रोम नव्हता. पुंगळ्या आत अडकू लागल्या. ऐन लढाईत बंद पडलेल्या रायफलींसह सैनिक मेले, आणि 1967 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीने याची चौकशी केली. पुढे बफर बदलला, चेंबरला क्रोम लावला, तेव्हा प्रकरण बरंच आटोक्यात आलं. 

माझ्या मते 14.5 इंची बॅरलला मिड-लेंथच शोभते. अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसनीही एम4ए1 च्या नव्या अप्पर भागासाठी तीच निवडली. आपल्या इन्सासची रचना वेगळी आहे. तिच्यात गॅस थेट बोल्टकडे न जाता पिस्टन ढकलतो, आणि किती गॅस घ्यायचा ते सैनिक रेग्युलेटर फिरवून ठरवू शकतो.